नर्सिंग कॉलेजात संगणकावर परीक्षा: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा: एका नर्सिंग कॉलेजातल्या शिक्षिकेवर पुढच्या सत्रापासून सगळ्या अंतर्गत परीक्षा संगणकावर न्यायची जबाबदारी आली आहे. वर्गात साठ विद्यार्थी. स्मार्ट बोर्ड, वर्गात मत नोंदवायचं ॲप आणि एक बोलणारा मॅनिकिन (सरावासाठीचा माणसाएवढा पुतळा) अशी खरेदीची यादी व्यवस्थापनाकडे तयार आहे. निम्मे सहकारी उत्साहात आहेत, निम्मे नाराज. सर्वात ज्येष्ठ ट्यूटर तर उघड विरोधात. कुठून सुरुवात करावी, काय टाळावं, आणि या ज्येष्ठ ट्यूटरना कसं सांभाळावं?

यादी महिनाभर कपाटात ठेवा आणि मागच्या दोन वर्षांचे पेपर बाहेर काढा. मी वीस वर्षांहून जास्त काळ मेडिकल-सर्जिकल नर्सिंग शिकवते आहे आणि त्यातला बराच काळ परीक्षेचं काम माझ्या गळ्यात आहे. संगणकावर परीक्षा म्हणजे गठ्ठे तपासण्यातून सुटका, एवढंच मलाही सुरुवातीला वाटायचं. सुटका होते, खोटं नाही. पण मुलांच्या निकालाबरोबर आपण काढलेल्या प्रश्नांचाही निकाल त्याच संध्याकाळी समोर येतो. तो वाचायची तयारी नसेल तर कागद आणि टॅबलेट यांत फरक फक्त चार्जरचा.

पहिल्याच वर्षीचा किस्सा सांगते. प्रश्न माझाच होता: रुग्णाच्या रक्तातलं पोटॅशियम ६.८, म्हणजे धोकादायक जास्त, आलं आहे, परिचारिका सर्वप्रथम काय करेल? माझ्या उत्तरसूचीत ‘डॉक्टरांना कळवेल’ असं होतं. कागदावर हा प्रश्न मी चार-पाच वर्षं विचारत आले होते आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं. कुणी कोणता पर्याय निवडला याचा तक्ता संगणकाने काढून दिला तेव्हा दिसलं की वर्गातल्या गुणांत वरच्या सोळा जणांपैकी फक्त पाच जणांनी माझं उत्तर निवडलं होतं आणि खालच्या सोळांपैकी दहा जणांनी. वरचे बहुतेक ‘हृदयाचा मॉनिटर लावेल’ या पर्यायावर गेले होते. शांतपणे विचार केल्यावर कबूल करावं लागलं की बरोबर तेच होते. एवढ्या पोटॅशियमला हृदयाची लय कधीही बिघडू शकते, मॉनिटर लावायला कुणाच्या ऑर्डरची वाट बघायची नसते, आणि डॉक्टरांना फोन केला तर तिकडून पहिला प्रश्न ‘ईसीजी कसा दिसतोय?’ हाच येतो. चार-पाच वर्षं मी अभ्यासू मुलांचेच गुण कापत होते.

हे गणित समजून घ्या, कारण सगळ्या खटाटोपाचा गाभा तोच आहे. एकूण गुणांनुसार वर्ग उतरत्या क्रमाने लावायचा आणि वरचे २७ टक्के व खालचे २७ टक्के वेगळे काढायचे. (२७ हा आकडा ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये गणिताने काढला. दोन्ही गट पुरेसे मोठेही राहतात आणि पुरेसे वेगळेही.) साठांच्या वर्गात प्रत्येक गट सोळा जणांचा होतो. समजा एखाद्या प्रश्नाचं उत्तर वरच्या गटात चौदा जणांना आणि खालच्या गटात सहा जणांना आलं. फरक आठ, त्याला सोळाने भागलं की ०.५. हा भेदक निर्देशांक. म्हणजे अभ्यास केलेल्या आणि न केलेल्या मुलांना हा प्रश्न नीट वेगळं करतो. ०.३ च्या वर असेल तर मी निर्धास्त असते, ०.२ च्या खाली गेला तर प्रश्न पुन्हा वाचते, आणि उणे आला तर आधी उत्तरसूची तपासते. माझा पोटॅशियमचा प्रश्न उणे ०.३१ वर होता. सॉफ्टवेअर बहुधा याऐवजी पॉइंट बायसीरियल नावाचा आकडा देतं. तो सगळ्या वर्गाचे गुण धरून काढलेला असतो, पण वाचायचा याच नजरेने. पूर्ण वर्गापैकी किती जणांना उत्तर आलं, तो काठिण्य निर्देशांक. साठांपैकी एकोणचाळीस म्हणजे ०.६५.

इथे नर्सिंगवाल्यांनी एक पथ्य पाळायचं. संख्याशास्त्र शिकून आलेला एखादा सहकारी म्हणेल की ज्या प्रश्नाचं उत्तर ९५ टक्के मुलांना येतं तो निरुपयोगी, काढून टाका. काढू नका. औषध देण्याआधी रुग्णाची ओळख दोन प्रकारे पटवायची, हे सगळ्यांना यायलाच हवं. तिथे भेदक निर्देशांक शून्याच्या आसपास असेल तर तो आपल्या शिकवण्याचा विजय आहे. मात्र असे प्रश्न पेपरात मोजके ठेवा. आणि वर्ग वीस-पंचवीसचा असेल तर या आकड्यांवर फार भरवसा ठेवू नका. एका मुलाने घाईत भलतीकडे बोट लावलं तरी आकडा हलतो. अशा वर्गात तोच प्रश्न दोन-तीन वर्षं वापरून आकडे एकत्र बघावे लागतात.

संपूर्ण पेपर किती विश्वासार्ह होता हे सांगणारा एक आकडाही पडद्यावर दिसेल, केआर-२०. कुडर आणि रिचर्डसन यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या सूत्रांपैकी ते विसावं, म्हणून हे नाव. शिक्षकांनी स्वतः काढलेल्या पेपरला ०.७ आला तर चांगलं समजा. वीस प्रश्नांच्या चाचणीत तो कमीच येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

बिघडलेल्या प्रश्नाचं काय करायचं, हा नियम पहिल्या परीक्षेआधी लेखी ठरवा. आमच्याकडे निकाल लावण्याआधी दोन शिक्षक मिळून तक्ता बघतात. दुसरं उत्तरही तितकंच योग्य वाटलं तर दोन्ही उत्तरांना गुण मिळतात. कुणाचे आधी मिळालेले गुण काढून घेतले जात नाहीत. निकाल लावून झाल्यावर ‘प्रश्न चुकला होता’ म्हणत फेरफार करायला गेलात की पुढच्या प्रत्येक परीक्षेनंतर दाराशी रांग लागते.

आता जुने पेपर बाहेर काढायला का सांगितलं ते. कागदावरचे प्रश्न जसेच्या तसे संगणकात टाकले की गमती होतात. संगणक प्रत्येकाला पर्याय वेगळ्या क्रमाने दाखवतो, आणि आपल्या जुन्या प्रश्नांत शेवटचा पर्याय असतो ‘वरीलपैकी सर्व’. तो एखाद्याच्या पडद्यावर पहिल्या जागी जाऊन बसला की त्या बिचाऱ्याने वर बघायचं तरी काय? ‘अ आणि क दोन्ही’ हे त्याचंच भावंड. असे पर्याय मुळातूनच काढा. आकड्यांचे पर्याय चढत्या क्रमाने लावा आणि त्या प्रश्नांपुरती पर्यायांची सरमिसळ बंद ठेवा. एकाच केसवरचे चार प्रश्न असतील तर तो संच एकत्र राहील असं सेटिंग करा, नाहीतर मुलाला आधी उपचार विचारले जातात आणि मग रुग्णाला झालंय काय ते कळतं.

चौथा पर्याय सुचत नाही म्हणून ओढूनताणून काहीतरी लिहायची सवयही सोडा. मायकल रॉड्रिग्ज यांनी २००५ मध्ये ऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला आणि तीन चांगले पर्याय पुरतात, असा निष्कर्ष काढला. तुमचा स्वतःचा तक्ता बघितलात तरी हेच दिसेल. चौथ्या पर्यायावर बहुतेक वेळा कुणी फिरकतच नाही.

औषधमात्रेच्या गणितांबद्दल वेगळं सांगते, कारण रिकामी जागा भरायच्या प्रश्नांत आम्ही चांगलेच तोंडघशी पडलो होतो. ५०० मिली सलाइनमध्ये २५,००० युनिट हेपरिन आहे, तासाला १,००० युनिट द्यायचं आहे, पंप किती मिलीवर लावाल? उत्तर २०. कुणी २० लिहिलं, कुणी २०.०, कुणी २० मिली, कुणी आकड्याच्या पुढे एक मोकळी जागा सोडली. संगणकाने फक्त पहिल्याला गुण दिले. तेव्हापासून प्रश्नातच लिहितो: ‘फक्त आकडा लिहा, एकक लिहू नका, उत्तर पूर्णांकात द्या.’ उत्तर ठरावीक मर्यादेत असलं तरी चालेल, अशी सोय बहुतेक प्रणालींत असते, तीही लावतो. आणि कच्च्या कामासाठी कोरा कागद देतो. आकडेमोड डोळ्यांसमोर मांडल्याशिवाय होत नाही. कागद परत घेताना मोजून घ्या, म्हणजे प्रश्न त्यावर उतरून बाहेर जात नाहीत.

इथवर वाचून वाटेल की मग कागद काय वाईट होता? एका बाबतीत कागद खरोखर हरतो, ते म्हणजे हळूहळू उलगडणारी केस. शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण घ्या. सकाळी आठला नाडी ९२, रक्तदाब ११८/७६. दहाला नाडी १०४. बाराला नाडी ११८, रक्तदाब ९६/५८ आणि लघवी तासाला १५ मिलीवर आलेली. वॉर्डात ही माहिती परिचारिकेला एकदम मिळत नाही. दहा वाजता बाराचे आकडे कुणालाच माहीत नसतात आणि खरी परीक्षा दहा वाजताच असते: १०४ बघून ती रक्तस्राव होतोय का हे बघायला ड्रेसिंग आणि ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर नेणारी नळी) तपासायला जाते की ‘दुखत असेल’ म्हणून सोडून देते? कागदावर मुलं पान उलटतात, शेवट वाचतात आणि मग पहिल्या प्रश्नाला शहाण्यासारखं उत्तर लिहितात. पडद्यावर पुढची माहिती झाकून ठेवता येते, आणि एकदा दिलेलं उत्तर पुढचं कळल्यावर बदलता येणार नाही असंही करता येतं. माझ्या मते संगणकावर जायला एवढं एकच कारण पुरे.

अमेरिकेतली परिचारिकांची परवाना परीक्षा एनक्लेक्स याच दिशेने गेली. १९९४ पासून ती संगणकावर होते, आणि प्रश्न उत्तरांप्रमाणे अवघड किंवा सोपे होत जातात. १ एप्रिल २०२३ पासून तिच्या नव्या रूपात उलगडणाऱ्या केसेस आल्या. एका केसवर सहा प्रश्न असतात आणि ते निर्णयाच्या पायऱ्यांवरून चढत जातात: काय महत्त्वाचं दिसतंय, त्याचा अर्थ काय, आधी कशाकडे बघायचं, काय काय करता येईल, नेमकं काय कराल, आणि केल्याचा उपयोग झाला का. तुमच्या मुलांनी ती परीक्षा कधीच दिली नाही तरी या सहा पायऱ्या प्रश्न काढताना हाताशी ठेवा. आपल्या पेपरांत पहिल्या दोन पायऱ्यांवर गर्दी असते आणि ‘उपयोग झाला का’ हे कुणी विचारतच नाही. तिथली आणखी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. ‘लागू पडणारे सर्व पर्याय निवडा’ या प्रश्नाला पूर्वी सगळं बरोबर असेल तरच गुण मिळत. आता प्रत्येक योग्य निवडीला एक गुण मिळतो, चुकीच्या निवडीला एक वजा होतो, आणि एकूण शून्याखाली जात नाही. सगळेच पर्याय टिक करणाऱ्या मुलाला त्यामुळे फुकटचे गुण मिळत नाहीत, आणि पाचांतले चार ओळखणाऱ्याला भोपळाही मिळत नाही.

मात्र मागे जाण्याची बंदी सरसकट लावू नका. एनक्लेक्समध्ये ती आहे कारण पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरांवर ठरतो. आपला पेपर ठरलेल्या प्रश्नांचा असेल तर केसचे संच सोडून मुलांना मागे जाऊ द्या. ‘पहिलं आलेलं उत्तर बदलू नका’ असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, पण अभ्यास उलटं दाखवतात: बदललेली उत्तरं चुकीकडून बरोबरकडे जास्त वेळा जातात.

प्रश्नपेढीत, म्हणजे संगणकातल्या प्रश्नांच्या साठ्यात, प्रश्न टाकतानाच त्याला लेबलं लावा: विषय, निर्णयाची पायरी, आणि नुसतं आठवायचं आहे की वापरायचं आहे. तीन पुरे. आम्ही हौसेने अकरा लावली होती आणि दोन महिन्यांत कुणी एकही भरेना. लेबलं असतील तर निकालाबरोबर मुलाला सांगता येतं की द्रव-क्षारसंतुलनात तू पक्का आहेस, प्राधान्यक्रमात घसरतोस. नुसत्या ‘६२ टक्के’ने त्याला काय कळणार?

परीक्षेच्या दिवसाचं थोडक्यात. पेपर आधी उपकरणात उतरवून घेता येतो आणि इंटरनेट गेलं तरी सोडवता येतो, अशीच प्रणाली घ्या. जुलै २०१४ मध्ये अमेरिकेत वकिलीच्या परीक्षेत हजारो उमेदवारांना पेपर सोडवून झाल्यावर तो पाठवताच येईना, रात्री उशिरापर्यंत ते पडद्यासमोर बसून होते. मुदत वाढवून द्यावी लागली. म्हणजे सगळ्यांनी एकाच क्षणी पाठवायचा, ही वेळच टाळायची. आठवडाभर आधी बिनगुणांची, पाच फुटकळ प्रश्नांची रंगीत तालीम घ्या. कुणाचा पासवर्ड चालत नाही आणि कुणाचं उपकरण जुनं आहे ते तिथे कळतं. जास्तीची चार-पाच उपकरणं चार्ज करून ठेवा. आणि छापील पेपरचा एक संच सीलबंद पाकिटात. आमचं पाकीट दोनदा फोडावं लागलं, आणि दोन्ही वेळा मुलं आमच्यापेक्षा शांत होती.

कॉपीचं म्हणाल तर परीक्षेच्या वेळी बाकी सगळं बंद करणारा ब्राउझर उपयोगी आहे, पण मांडीवरचा फोन त्याला दिसत नाही. तो दिसायला वर्गात हिंडणारा पर्यवेक्षकच लागतो. कॅमेऱ्यातून घरबसल्या पहारा ठेवणाऱ्या प्रणाली मी महत्त्वाच्या परीक्षेला वापरत नाही. मूल गणित करायला खाली बघतं आणि यंत्र त्याला संशयित ठरवतं. प्रश्न लिहायला एआयची मदत घ्यायची तर घ्या, पण कच्चा खर्डा म्हणूनच. प्रश्न झकास वाटतो, भाषा सफाईदार असते, आणि उत्तर अधूनमधून ठाम आत्मविश्वासाने चुकलेलं असतं.

आता ती खरेदीची यादी. स्मार्ट बोर्डाबद्दल माझं काही म्हणणं नाही. असला तर असू द्या, नसला तर अडत नाही. मत नोंदवायचं ॲप मात्र जरूर घ्या, आणि ते वापरायची पद्धत एरिक मझूर यांच्याकडून घ्या. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवताना त्यांनी १९९१ च्या सुमारास ती सुरू केली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने न बोलता मत द्यायचं. बरोबर उत्तर देणारे साधारण ३० ते ७० टक्के असतील तर उत्तर न सांगता मुलांना शेजाऱ्याशी वाद घालायला लावायचं आणि पुन्हा मत घ्यायचं. ‘जेवणाआधीचं इन्सुलिन दिलंय, जेवण आलेलं नाही, रुग्ण घामाघूम झालाय’ एवढं टाकलं तरी वर्ग पेटतो. ३० टक्क्यांहून कमी जणांना येत असेल तर पुन्हा शिकवा, ७० टक्क्यांहून जास्त जणांना येत असेल तर पुढे सरका. तासाला असे दोन प्रश्न खूप झाले.

मॅनिकिनची हौस जुनी आहे. हार्टफर्डच्या रुग्णालयातल्या नर्सिंग स्कूलमध्ये १९११ मध्येच ‘मिसेस चेस’ नावाची माणसाएवढी बाहुली शिकवायला आली होती. आताचे मॅनिकिन घाम गाळतात, बोलतात, त्यांच्या बुबुळांचा आकार बदलतो. अमेरिकेतल्या परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये दहा नर्सिंग कार्यक्रमांत केलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांबरोबरच्या, तासांपैकी निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनने (खोट्या रुग्णावर रचलेल्या प्रसंगांच्या सरावाने) भरून काढले तरी विद्यार्थ्यांची तयारी तितकीच राहिली. हा निष्कर्ष विक्रेते मोठ्या अक्षरात सांगतात. त्याच्या अटी बारीक अक्षरात असतात: प्रशिक्षित शिक्षक, नीट बेतलेले प्रसंग, आणि प्रसंगानंतर शांतपणे घेतलेली चर्चा. ही चर्चा प्रसंगाच्या दुप्पट वेळ खाते आणि शिकणं बरंचसं तिथेच होतं. ती घ्यायला तयार झालेल्या दोन व्यक्ती तुमच्याकडे नसतील तर बोलणारा मॅनिकिन वर्षभर चादरीखाली झोपून राहील. तोवर साधा मॅनिकिन आणि रुग्णाची भूमिका करणारी एक चुणचुणीत विद्यार्थिनी यांवर भागवा. आणि कॅथेटर घालणं, नाडी बोटांना लागणं, हे पडद्यावर तपासायच्या फंदात पडू नका. त्यासाठी रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली ओएससीई, म्हणजे एकामागून एक स्टेशनवर प्रत्यक्ष कृती करून दाखवायची परीक्षा, आहे, स्टेशनवर उभं राहून निरीक्षण करणारी शिक्षिका आहे. तिच्या हातातली तपासणी-सूची टॅबलेटवर नेलीत तर गुणांची बेरीज वाचते, इतकंच.

‘पुढच्या सत्रापासून सगळ्या परीक्षा’ हे व्यवस्थापनाला नाही म्हणून सांगा. पहिल्या सत्रात एकच विषय आणि त्याच्या बिनगुणांच्या साप्ताहिक चाचण्या. या चाचण्यांचा स्वतंत्र फायदाही आहे: रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं की आठवडाभराने विचारलं तर, मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा त्यावर चाचणी दिलेल्यांना जास्त आठवतं. दुसऱ्या सत्रात त्याच विषयाची एक अंतर्गत परीक्षा. तोवर दीड-दोनशे तपासलेले प्रश्न जमतील आणि तक्ता वाचता येणारे तीन-चार सहकारी तयार होतील. बाकीचे विषय त्यांच्या मागून आपोआप येतात, फारसं ढकलावं लागत नाही.

राहता राहिल्या तुमच्या ज्येष्ठ ट्यूटर. आमच्याकडेही होत्या, आणि पोटॅशियमचा तो तक्ता मी सर्वात आधी त्यांनाच नेऊन दाखवला, कारण माझी लाज त्यांच्यासमोर उघडी करणं मला सोपं वाटलं. त्यांनी चष्मा लावला, पर्याय वाचले आणि म्हणाल्या, ‘नवीन मुली वॉर्डात नेमकी कुठे चुकतात ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून तुमचे चुकीचे पर्याय असे मिळमिळीत असतात.’ तीस वर्षं रात्रपाळीच्या चुका निस्तरलेल्या बाईंना ते तोंडपाठ होतं. आम्ही त्यांना प्रश्नपेढीची तपासनीस केलं. संगणकाला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. रेघी कागदावर पेन्सिलीने प्रश्न लिहायच्या, शेजारी ‘ही चूक खूप जणी करतात’ अशी खूण करायच्या, आणि सर्वात धाकटी क्लिनिकल इन्स्ट्रक्टर ते बसून टाइप करायची.